दोनच्या ठोक्याला उठणारी बैठक

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या साप्ताहिक दुपारच्या बैठकीबद्दल, म्हणजे जेवण, हजेरी, वक्ता आणि हिशेब यांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमचा क्लब घोडबंदर रोडवरचा. सदस्य चाळीसच्या आसपास. दर बुधवारी पाऊण वाजता बैठक ठेवतो, पण सव्वा वाजल्याशिवाय सुरू होत नाही आणि अडीच वाजले तरी उठत नाही. वक्त्याला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. वेळापत्रक कसं बसवावं?

बैठक संपण्याची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मागे या. दुपारच्या बैठकीला येणारा माणूस दुकान, दवाखाना किंवा ऑफिस सोडून आलेला असतो. त्याला दोनला सुटायचं असेल तर घंटा दोनलाच वाजली पाहिजे, मग मुद्दा अर्धवट राहिला तरी चालेल. दोनला सुटका होते अशी खात्री पटली की लोक वेळेवर यायलाही लागतात. उशिरा येणं हे बहुतेक वेळा उशिरा संपण्याला दिलेलं उत्तर असतं.

आता हिशेब. वक्त्याची वीस मिनिटं, प्रश्नोत्तरांची सात, ओळख आणि आभार मिळून तीन. म्हणजे दीड वाजता वक्ता माइकसमोर उभा हवा. त्याआधी ताटं भरून, जेवून, गोड आणि चहा वाटून झालेला हवा. चाळीस माणसांच्या ओळीत एका बाजूने वाढून घ्यायचं असेल तर मिनिटाला साधारण तीन ताटं पुढे सरकतात. तेरा-चौदा मिनिटं तिथेच गेली आणि शेवटच्या माणसाच्या हातात ताट येईपर्यंत पहिल्याचा भात संपलेला असतो. टेबल भिंतीला चिकटवू नका, मधोमध ठेवा आणि दोन्ही बाजूंनी ताटं-वाट्या लावा. वेळ निम्मा होतो. ओळ नेहमी पोळीपाशी अडते, कारण लोक गरम पोळीची वाट बघत थांबतात. म्हणून पोळी वाढप्यांकडून टेबलावर फिरवा, बुफेवर ठेवूच नका. आमटी ओळीच्या शेवटी आणि वाट्यांत आधीच भरलेली. आमटी सुरुवातीला ठेवली की भरलेली वाटी सांभाळत पुढचं सगळं वाढून घेणारा माणूस ओळ निम्म्या वेगावर आणतो.

राष्ट्रगीताची जागा हा एक नाजूक प्रश्न असतो. जेवण सुरू झाल्यावर राष्ट्रगीत लावलं की निम्मे लोक हातात ताट घेऊन उभे, बाकीचे घाईने घास गिळून उठतात. ते जेवणाआधीच घ्या, बावन्न सेकंदांचं काम आहे. तर बाराचाळीसला दार उघडून मठ्ठा किंवा सरबत, १२.५५ ला अध्यक्षांची घंटा, राष्ट्रगीत, क्लबची प्रतिज्ञा. १२.५८ ला जेवण. १.१२ ला लोक जेवत असतानाच सचिवांच्या सूचना, पाहुण्यांची ओळख, वाढदिवस. १.२५ ला गोड आणि चहा. १.२८ ला वक्त्याची ओळख. दोनला घंटा.

यात सगळ्यात जास्त गळती होते ती सूचनांत. सचिव उभे राहतात, मग प्रकल्पप्रमुख ‘दोनच शब्द’ म्हणून उठतात, मग त्यांना दुरुस्त करायला माजी अध्यक्ष उठतात. यावर उपाय एकच: सूचना आदल्या रात्री सचिवांकडे लेखी यायला हव्यात आणि त्या फक्त सचिवांनीच वाचायच्या. लेखी आली नाही ती सूचना पुढच्या आठवड्याला. वाढदिवसाच्या शुभेच्छा एकत्रच द्याव्यात, प्रत्येकाला वेगळा गुच्छ नको. आणि वेळ सांभाळणारा माणूस अध्यक्ष नसावा, कारण अध्यक्षांना कुणालाच थांबवता येत नाही. हे काम सार्जंटकडे, म्हणजे बैठकीची शिस्त सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे द्या. वक्त्याला दिसेल अशा जागी बसून त्यांनी ‘५’ आणि ‘१’ लिहिलेली दोन पुठ्ठ्याची कार्डं दाखवायची, बस.

प्रश्न : मी एका क्लबचा खजिनदार आहे. सदस्य ४२. हॉटेल ३० ताटांची मिनिमम गॅरंटी मागतं आणि प्रत्यक्षात वक्त्यासह सरासरी २४ ताटं लागतात. दर ४५० रुपये अधिक कर. सर्वांकडून सारखी वर्गणी घेतली तर न येणारे कुरकुरतात, ताटामागे घेतली तर गॅरंटीची तूट क्लबच्या अंगावर पडते. मार्ग काय? (वागळे इस्टेट)

आधी गळती बघा. ४५० वर पाच टक्के जीएसटी धरला तर ताट ४७२ रुपये ५० पैशांना पडतं. दर आठवड्याला सहा ताटं न खाता भरली, तर महिन्याच्या चार बैठकांत चोवीस ताटं, म्हणजे ११,३४० रुपये. दर महिन्याला तुम्ही एका अख्ख्या बैठकीचं जेवण हॉटेलला फुकट देत आहात. त्यामुळे वर्गणीची पद्धत बदलण्याआधी गॅरंटी बदला.

गॅरंटी सरासरीवर ठरवू नये, तळाच्या आकड्यावर ठरवावी. मागच्या बारा बैठकांची हजेरी चढत्या क्रमाने लिहा आणि खालून तिसरा आकडा घ्या. तो २० आला तर २० ची गॅरंटी द्या आणि ‘त्यावर आठ ताटांपर्यंत तयारी’ हॉटेलकडून लेखी घ्या. हॉटेलला ३० का हवं असतं? कारण त्या वेळात हॉल दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा बोलणी ताटांवरून हॉलवर न्या. वर्षभराचा एक वार पक्का देतो, पावसाळ्यातही देतो, पैसे महिन्याच्या सात तारखेला देतो, अशी हमी दिली की बहुतेक व्यवस्थापक आकडा खाली आणतात. मधल्या वारी दुपारी बँक्वेट हॉल रिकामाच असतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. लग्नसराईचे मुहूर्त मात्र करारात स्पष्ट लिहून घ्या. ‘त्या दिवशी छोटा हॉल मिळेल’ हे तोंडी आश्वासन वैशाखात टिकत नाही.

कराचंही बघून घ्या. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के लागतो, पण खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर अठरा टक्के लागतो. तेच ४५० चं ताट तिथे ५३१ ला जातं. बिलात सेवाशुल्क परस्पर लावलेलं असेल तर ते काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे, बंधनकारक नाही.

आता वर्गणी. तुमच्या चोवीस ताटांचा महिन्याचा खर्च ४५,३६०. सारखी विभागणी केली तर प्रत्येकी १,०८०. त्यात महिन्यातून एकदा येणारा सदस्य एका ताटाचे हजार रुपये मोजतो. त्याची कुरकुर रास्त आहे. मधला मार्ग असा: महिन्याला ५४० रुपये सर्वांकडून स्थिर आणि आलेल्या दिवशी ताटामागे २५०. स्थिर भागातून २२,६८० येतात. तेवीस सदस्य चार वेळा जेवले की २३,००० येतात. बेरीज ४५,६८०, त्यात वक्त्याचं ताटही सुटतं. चारही बुधवार येणाऱ्याला १,५४० पडतात, एकदाही न येणाऱ्याला ५४०. सदस्याने स्वतःचा पाहुणा आणला तर त्याचं पूर्ण ताट, ४७५ रुपये, त्या सदस्याने द्यावं. वक्ता, पाहुणा अध्यक्ष आणि वार्तांकनाला आलेला पत्रकार क्लबचे.

आणखी एक फसगत. महिना चार आठवड्यांचा धरून केलेलं अंदाजपत्रक पाच बुधवार आले की कोसळतं. वर्षाला ५२ बुधवार असतात. त्यातले सणाचे वगळून नेमक्या किती बैठका होणार, हे एक जुलैलाच, म्हणजे क्लबचं वर्ष सुरू होतानाच, कॅलेंडर पुढे ठेवून मोजा आणि त्या संख्येला बारांनी भागून महिन्याचा आकडा काढा.

हजेरीचा अंदाज व्हॉट्सअॅपवर घ्यायचा असेल तर ‘कोण येणार?’ विचारू नका, ‘कोण येणार नाही?’ विचारा. येणारे उत्तर देत नाहीत, पण न येणाऱ्याला पैसे वाचवायचे असतात. मंगळवारी रात्री नऊपर्यंत ‘नाही’ कळवलं नाही तर ताटाचे २५० लागू, असा नियम कार्यकारिणीत मंजूर करून घ्या. दोन महिने थोडी भांडणं होतील.

प्रश्न : हॉटेल सोडून आम्ही वाशीत सोसायटीच्या हॉलमध्ये केटररकडून जेवण मागवायचं ठरवलं आहे. चाळीस माणसांना किती आणि काय सांगावं? मागच्या वेळी भात उरला आणि पोळ्या संपल्या.

दुपारी भाषण ऐकायचं असलेल्या माणसाला पुरी, पनीर आणि गुलाबजाम घालू नका. दीड वाजता अर्धा हॉल पेंगतो आणि दोष वक्त्याला जातो. दोन भाज्या, त्यातली एक उसळ, आमटी, भात, पोळी, कोशिंबीर आणि मठ्ठा इतकं पुरतं. गोड आठवड्याआड.

चाळीस माणसांसाठी पोळ्या १२०, त्याला सव्वाचार किलो कणीक. भात उरतो तो लोक पोळीनंतर थोडाच घेतात म्हणून. माणशी ७५ ग्रॅमच्या हिशेबाने तीन किलो तांदूळ पुरतात. फक्त भात-आमटीचा बेत असेल तरच साडेचार किलो घ्या. तूरडाळ सव्वा किलो, तिची सहा-सात लिटर आमटी होते. मटकी कोरडी सव्वा किलो, मोड आल्यावर ती दुपटीच्या वर जाते. बटाट्याची सुकी भाजी करायची तर पाच किलो बटाटे. फ्लॉवर घेतला तर तोही पाच किलो आणि वर एक किलो मटारदाणे, कारण फ्लॉवरचा पाला-दांडा बराच फुकट जातो. काकडी तीन किलो, दही एक किलो, दाण्याचं कूट पाव किलो. मठ्ठ्याला तीन किलो दही आणि पाच लिटर पाणी. श्रीखंड असेल तेव्हा अडीच किलो. पापड पन्नास सांगा, चाळीस सांगितले तर तुटके तुमच्या वाट्याला येतात.

बुधवारच्या उसळीची मटकी सोमवारी रात्री भिजली पाहिजे. मंगळवारी सकाळी उपसून बांधली की रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत थोडं जास्त लागतं. केटररला बेत मंगळवारी कळवला तर तो बाजारातून मोड आलेली मटकी आणतो, आणि ती कधीची आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

भाताची वेळ मात्र कटाक्षाने सांभाळा. केटरर नऊला भात करून ठेवतो, कारण त्याला चूल मोकळी हवी असते. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर त्यातले शिजवूनही न मरणारे जिवाणू वाढतात. त्यांचं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात साडेअकराच्या आधी उतरवू नये आणि वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर राहावा. स्वयंपाकघरात वापरायचा खुपसायचा थर्मामीटर फार महाग नसतो, एक क्लबकडे असू द्या. चेफिंग डिशच्या खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी घालायला सांगा. गार पाणी घालून खाली जेलचा डबा पेटवला तर ते तापेपर्यंत जेवण संपतं, कारण ती भांडी अन्न गरम ठेवतात, गरम करत नाहीत. पोळ्या गरम असतानाच स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केल्या की वाफेने ओल्या होतात. डब्याच्या तळाशी आणि झाकणाखाली सुती कापड हवं. कोशिंबिरीत मीठ आणि दही वाढण्याच्या दहा मिनिटं आधी घालावं, आधी घातलं की काकडी पाणी सोडते.

केटररच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हवा, तो नसेल तर दुसरा केटरर बघा. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. स्टीलची ताटं भाड्याने घ्या. ती धुवायला एक बाई आणि सोसायटीच्या आवारात पाण्याची जागा लागते. हॉलचं भाडं ठरवतानाच ते विचारा, नाहीतर पहिल्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांचा फोन येतो.

प्रश्न : उपवास आणि जैन सदस्य यांचं जेवण दर वेळी गोंधळ करतं. (नौपाडा)

यादी एकदाच करा आणि हॉलच्या फळ्यावर नको, खजिनदारांच्या वहीत ठेवा. कोण एकादशीला उपवास करतं, कोण संकष्टीला, कोण फक्त श्रावणी सोमवार, कोण शनिवार. बुधवारच्या बैठकीला वाराचे उपवास फारसे येत नाहीत, ही बुधवारची मोठी सोय आहे. गुरुवार निवडणाऱ्या क्लबांनी मार्गशीर्ष लक्षात ठेवावा, त्या गुरुवारी अनेक महिला सदस्य संध्याकाळपर्यंत जेवत नाहीत. तिथीचे उपवास मात्र कुठल्याही वारी येतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कालनिर्णय घेऊन बैठकींच्या तारखांपुढे ते टिपून ठेवा.

पाच-सहा उपवासकरी असतील तर साबुदाण्याची खिचडी सांगू नका. अर्ध्या तासात तिचे गोळे होतात. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी जास्त वेळ नीट राहते. त्यांचं वेगळं टेबल आणि वेगळे डाव हवेत. मुख्य ओळीत उपवासाचं ठेवलं की उपवास नसलेले ते आधी संपवतात, याला कुठल्याही क्लबात अपवाद नाही.

जैन जेवण म्हणजे नुसतं ‘कांदा-लसूण नको’ नव्हे. बटाटा, गाजर, मुळा, बीट आणि ओलं आलंसुद्धा चालत नाही. केटरर कांदा-लसूण काढतो आणि बटाटा ठेवतो, मग ताट तसंच परत जातं. पर्युषणात अनेक जण हिरव्या भाज्याही वर्ज्य करतात. त्या आठवड्यात डाळी-कडधान्यांचा बेत सोपा. काय चालेल हे त्या सदस्यांनाच विचारून घ्यावं, प्रत्येक घरची रीत वेगळी असते.

प्रश्न : दर आठवड्याला वक्ता कुठून आणायचा? आणि कबूल करूनही आला नाही तर? (ऐरोली)

तिमाहीची यादी तिमाही सुरू होण्याआधी भरलेली असावी. तेरा बुधवार असतील तर दहा बाहेरचे वक्ते, दोन क्लबच्या प्रकल्पांचा आढावा आणि एक खुली चर्चा. नामवंतांच्या मागे धावण्यापेक्षा ज्यांचं काम सदस्यांच्या रोजच्या जगण्याला भिडतं अशांना बोलवा. आपल्या भागात विषयांची वाण नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. ऐरोलीचा क्लब असून खाडीवर एकही भाषण नाही, असं होऊ नये. सायबर गुन्ह्यांवर पोलीस अधिकारी, १९३० हा क्रमांक नेमका कधी आणि किती लवकर फिरवायचा हे सांगायला. मनोरुग्णालयातले डॉक्टर, अग्निशमन अधिकारी, सिडकोच्या घरांची कागदपत्रं जाणणारा वकील, रक्तपेढीचा तंत्रज्ञ. निवडणुकीच्या काळात उमेदवार मात्र नको. रोटरीच्या घटनेनुसार क्लबने सार्वजनिक पदाच्या उमेदवाराला पाठिंबा देणं वर्ज्य आहे, आणि माइक हातात दिला की पाठिंबा दिल्यासारखंच दिसतं.

वक्त्याला पाठवायच्या पत्रात या गोष्टी हव्यात: भाषण १.३० ला सुरू, २० मिनिटं, त्यानंतर सात मिनिटं प्रश्न. श्रोते तीसेक, व्यवसाय कोणते, भाषा कोणती. पडदा आहे का. गाडी कुठल्या गेटने आत घ्यायची, गेटवर कोण थांबेल आणि त्याचा क्रमांक. जेवण शाकाहारी. तीन दिवस आधी एकदा आणि त्याच दिवशी सकाळी एकदा फोन. मुंबईहून येणाऱ्याला ट्रान्स-हार्बरची लोकल सुचवायला संकोचू नका. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला, पण तीन हात नाक्याची आणि वाशी पुलाची गर्दी गेलेली नाही.

वक्ता आलाच नाही तर क्लबच्या हाताशी एक सदस्य हवा, जो कोणत्याही बुधवारी स्वतःच्या व्यवसायावर दहा मिनिटं बोलू शकेल. रोटरीत असं व्यवसाय-परिचयाचं भाषण जुनंच आहे. नव्या सदस्यांकडून ते लिहून घेऊन ठेवा. औषधाचं दुकान चालवणारा मुदत संपलेल्या औषधांचं पुढे काय होतं हे सांगतो, तेव्हा हॉल जागा असतो. ओळख करून देणाऱ्याने मिनिट-दीड मिनिटाच्या वर जाऊ नये. वक्त्याच्या तीन पदव्या आणि सतरा पुरस्कार वाचत बसलं की ती मिनिटं त्याच्याच भाषणातून जातात. स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तक द्या. ट्रॉफ्या ठेवायला त्यांच्या घरी जागा उरलेली नसते.

प्रश्न : माइक शिट्टी मारतो आणि पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी चौकोन येतात. (बेलापूर)

शिट्टी येते ती स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो म्हणून. स्पीकर बोलणाऱ्याच्या मागे असतील तर पुढे आणा, त्यांची तोंडं श्रोत्यांकडे करा आणि माइक तोंडाजवळ धरायला सांगा. लांब धरला की ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. तीस माणसांना माइक कशाला, असं म्हणू नका. ताट-चमच्यांच्या आवाजात शेवटच्या टेबलाला काही ऐकू जात नाही. त्याचसाठी भाषण चालू असताना ताटं उचलायची नाहीत, असं वाढप्यांना आधीच बजावून ठेवा. कॉर्डलेस माइकचे सेल दर बैठकीला नवे घाला, जुने भाषणातच संपतात.

चौकोन येतात किंवा अक्षरं भलतीच उमटतात, ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमुळे. वक्त्याच्या संगणकावरचा तो फॉन्ट हॉलच्या संगणकात नसतो. सादरीकरण आदल्या दिवशी पीडीएफ करून मागवा. आणि नव्या लॅपटॉपना टाइप-सी ते एचडीएमआय जोडणी लागते, ती क्लबच्या पेटीत हवी.

प्रश्न : आमच्या लायन्स क्लबात टेल ट्विस्टर दंड करतात. एक ज्येष्ठ सदस्य चिडून यायचे थांबले. (कोपरखैरणे)

टेल ट्विस्टर म्हणजे बैठकीत गमतीने छोटे दंड करणारा पदाधिकारी. लायन्सच्या प्रमाणित उपविधींत यावर लगाम आहे. दंडाची कमाल रक्कम संचालक मंडळाने ठरवायची असते, एका बैठकीत एका सदस्याला दोनपेक्षा जास्त वेळा दंड करता येत नाही, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर सदस्यांचं एकमत लागतं. कमाल रक्कम वीस रुपयांवर आणा. दंड टायवरून, मोबाइल वाजण्यावरून, पेपरात फोटो छापून आला म्हणून होऊ द्या. वय, प्रकृती, घरची परिस्थिती आणि धंद्यातली खोट यावरून कधीच नाही. त्या ज्येष्ठांकडे अध्यक्षांनी स्वतः जावं, फोन नको.

प्रश्न : प्रकल्पासाठी जमलेल्या पैशातून एखाद्या बैठकीचं जेवण भागवलं तर बिघडतं का? नंतर भरून टाकू. (कळवा)

बिघडतं. लोकांकडून सेवाकार्यासाठी घेतलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. जेवण, हॉल, घंटा, बॅनर, अध्यक्षांच्या गळ्यातली मानाची कॉलर हे सगळं सदस्यांच्या वर्गणीतून. लायन्समध्ये प्रशासन आणि सेवाकार्य यांची खाती वेगळी ठेवण्याची रीत यासाठीच आहे. रोटरी क्लबही बहुधा प्रकल्पांचा पैसा वेगळ्या नोंदणीकृत ट्रस्टमधून फिरवतात. त्या ट्रस्टच्या खात्यातून केटररला गेलेला एक चेक हिशेबतपासणीत आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात उत्तर मागतो. ‘नंतर भरू’ याची नोंद कशी करणार, हे तुमच्या लेखापरीक्षकांना विचारून बघा. तसंच जेवणाच्या वर्गणीला देणगीवरच्या करसवलतीची पावती देता येत नाही, ते दान नव्हे. सदस्य आनंदाच्या बातमीनिमित्त पैसे टाकतात तो बैठकीत फिरवला जाणारा आनंदाचा डबा कुठल्या खात्यात जाणार, हे तो फिरवण्याआधी सांगा आणि मोजणी दोघांनी करावी.

प्रश्न : दर आठवडा झेपत नाही. रोटरीत आठवड्याची सक्ती अजून आहे का? आणि जेवून निघून जाणाऱ्याची हजेरी लावायची का? (नेरूळ)

सक्ती नाही. शिकागोत १९०५ साली सुरू झालेल्या रोटरीची आठवड्याची बैठक ही अनेक दशकं ओळख होती. पण रोटरीचे नियम ठरवणाऱ्या विधी परिषदेने २०१६ मध्ये क्लबांना मोकळीक दिली: महिन्यात किमान दोन बैठका, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. त्यासाठी क्लबच्या उपविधीत बदल करून तो रीतसर मंजूर करावा लागतो. अध्यक्षांनी व्हॉट्सअॅपवर जाहीर करून भागत नाही. बदल करण्याआधी एवढं ध्यानात घ्या: पंधरवड्याच्या बैठकीला एकदा चुकलेला माणूस महिनाभर क्लबला दिसत नाही. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी दुपारचं जेवण, दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी नुसता चहा, चौथ्याला प्रकल्पाच्या जागी भेट, अशी मिश्र आखणी खर्चही कमी करते.

हजेरीसाठी बैठकीचा किमान साठ टक्के वेळ बसावं लागतं. १२.५५ ते २ ही पासष्ट मिनिटं धरली तर एकोणचाळीस मिनिटं, म्हणजे १.३४ पर्यंत. श्रीखंड खाऊन दीडला उठणाऱ्याची हजेरी लागत नाही, ताट मात्र लागतं. वही दाराशी येताना ठेवण्याऐवजी प्रश्नोत्तरांच्या वेळी टेबलावर फिरवा.

प्रश्न : उरलेलं अन्न कुणाला द्यावं? (ठाणे पूर्व)

ताटातलं उष्टं नाही आणि बुफेवर तासभर उघडं राहिलेलंही नाही. डाव न लागलेलं, झाकलेलं, गरम असलेलं तेवढंच. कोशिंबीर, मठ्ठा आणि भात देऊ नका. पोळ्या, सुकी भाजी, उसळ चालते. कुठल्या संस्थेकडे द्यायचं ते आधीच ठरवून त्यांच्या माणसाला दोन वाजता बोलवा. बैठक संपल्यावर फोन फिरवायला लागलात तर अन्न पोचेपर्यंत चार वाजतात. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा, भांडी त्यांची असू द्या. आणि दोन बैठकांत सलग उरलं तर देण्याची सोय वाढवण्यापेक्षा केटररचा आकडा कमी करा.